हिमाच्या वाटेवरील वाहन : हैदराबादेतून पाहताना



हैदराबादेत बर्फ पडत नाही. तो पडलाच तर उसाच्या रसाच्या गाडीवर. अशा शहरात बसून हिमाच्छादित घाटातील मोटारींचा इतिहास सांगणे काहींना विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या आमच्या भूगोलाच्या सरांनी एकदा मला एक प्रश्न विचारला होता. मोटार घ्यायची ती वर्षातील सर्वांत वाईट दिवसासाठी की उरलेल्या 364 दिवसांसाठी? त्याचे उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि त्या शोधात इतिहास अटळपणे आला.

17 सप्टेंबर 1948 हा दिवस आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. त्यानंतर अवघ्या 45 दिवसांनी, 1 नोव्हेंबर रोजी, काश्मीरच्या जोझी-ला खिंडीत भारतीय सैन्याने रणगाडे चढविले. उंची सुमारे 11,500 फूट. रणगाडे होते 7 व्या कॅव्हलरीचे, स्टुअर्ट जातीचे, वजनाने हलके. डोंगरासाठी ते मुळीच घडविलेले नव्हते. तेथपर्यंत नेताना त्यांची शिरे उतरवावी लागली, कारण वाटेतील पूल पूर्ण भार पेलणारे नव्हते. बालताल येथून वर जाणारी खेचरांची पायवाट मद्रास सॅपर्सच्या जवानांनी रुंद केली, तेव्हा कोठे जनरल थिमय्या यांचा बेत तडीस गेला. पराक्रमाची वर्णने आपण ऐकतो. मला मात्र त्या रुंद केलेल्या वाटेचे अधिक कौतुक वाटते. वाहन कसेही असो, ते जाईल अशी वाट कोणीतरी आधी करून ठेवावी लागते.

जीपची कथा आपल्या शहराशी एका अनपेक्षित धाग्याने जोडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी 1941 पासून विलीजने जी छोटी गाडी मोठ्या प्रमाणावर बनविली, तिचे इंजिन अवघे 2.2 लिटरचे आणि 60 अश्वशक्तीचे होते. पण चारही चाकांना ओढ आणि अंगाला हलकेपणा. अमेरिकेत भारतीय पुरवठा मंडळाचे काम पाहणारे के. सी. महिंद्र यांनी ही गाडी भारतात आणण्याचे मनावर घेतले. त्यांचे बंधू जे. सी. महिंद्र आणि गुलाम मोहम्मद यांच्यासह त्यांनी 1945 मध्ये जो व्यवसाय काढला, त्यातील हे गुलाम मोहम्मद चाळीसच्या दशकात काही काळ निजामाच्या संस्थानाचे अर्थखाते सांभाळत होते. पुढे ते पाकिस्तानात गेले व 1951 मध्ये गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये पेढीच्या नावातून ‘मोहम्मद’ गेले आणि दोन्ही बाजूंना ‘महिंद्र’ राहिले. फाळणी कोठे कोठे लिहिली गेली पाहा! मुंबईत जुळणी झालेल्या या जीपा पुढे लष्करात, जंगलखात्यात आणि दुष्काळी तालुक्यांत सर्वत्र धावल्या.

नंतरची नावे आपणास परिचित आहेत. जबलपूरची जोंगा निसानच्या आराखड्यावर 1969 पासून निघू लागली. मारुतीची जिप्सी 1985 अखेर आली. इंजिन एक लिटरहूनही किंचित लहान. गंमत अशी की त्याच घराण्याची साधी मारुती 800 बर्फाच्या चढावर अॅम्बॅसॅडरपेक्षा सरस ठरे. अॅम्बॅसॅडरचे ओझे पुढे आणि ओढ मागे. रिकामी मागली चाके बर्फात नुसती भणभणत. 800 चे इंजिन ओढणाऱ्या चाकांवरच बसलेले. मोठी गाडी म्हणजे भरवशाची गाडी हा आपल्या घराघरांतला समज तेथे गळून पडतो.

मीही या समजातूनच 1993 मध्ये जुनी जिप्सी घेतली. चार चाकांची ओढ आहे, मग भीती कसली? ज्याने ती तयार करून दिली त्या कारागिराने टायर, क्लच, ब्रेक सारे तपासले; मीही उभा होतो. ऑक्टोबरात आम्ही तिघे नागपूरमार्गे मनालीस आणि तेथून 3,978 मीटरचा रोहतांग ओलांडून केलाँगला पोहोचलो. चढावर गाडीने काळा धूर ओकला. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे 540 मीटरवर. तेथे बसविलेल्या कार्बोरेटरला वरची विरळ हवा मानवत नव्हती. इतके मी वाचून गेलो होतो. जे वाचले नव्हते ते पहाटे कळले. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी होते. रात्रीत ते गोठले, फुगले आणि इंजिनाच्या बाजूची पत्र्याची टिकली बाहेर पडली. अंगणात एक ट्रकचालक रिकामी बादली घेऊन उभा होता. तो म्हणाला, “बाबूजी, हम तो रात को पानी निकाल देते हैं।” त्याच्या दहा वर्षे जुन्या ट्रकमध्ये तेवढीच काय ती युक्ती होती. आमच्यातील एकास त्या थंडीत दम लागला होता आणि गाडी दोन दिवस हलणार नव्हती. त्याच ट्रकने त्याला खाली मनालीला पोहोचविले. तो वाचला म्हणून मी आज येथे विनोदाने बोलू शकतो.

उतरणीचा धडा परतीला मिळाला. चारही चाके ओढतात, पण थांबविण्याच्या कामी बर्फावर त्यांचा काडीचाही उपयोग नसतो. तेथे साखळ्या लागतात आणि पहिल्या गिअरचा संथ धीर.

आता तेथे 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झालेला 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा आहे. रोहतांग टाळून लाहौलला जाता येते. लडाखसाठी 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आले; पूर्वी चालक टाकीखाली विस्तव पेटवीत. ज्याचे घर मनालीत आहे त्याने चार चाकांची गाडी अवश्य बाळगावी. आपण वर्षातून आठ दिवस जाणारे; तेथील गाडी आणि तेथील चालक भाड्याने घ्यावा, असे माझे मत झाले आहे. सरांना मी ते सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हणजे वाईट दिवस भाड्याने घ्यायचा!”

ती जिप्सी मी 1999 मध्ये विकली. घेणाऱ्याने गिअरशेजारच्या लहान दांड्याकडे बोट दाखवून विचारले, हा हैदराबादेत कधी लावायचा? मी म्हटले, मुसीला पूर आला तर.