महालक्ष्म्यांचा आठवडा आणि आपले ताट

पोळा झाला आणि भाद्रपद लागला की माझ्या ओपीडीत एक प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, महालक्ष्म्यात काय खाऊ अन् काय नको?" दरवर्षी मी घाईघाईत उत्तर देतो आणि दरवर्षी ते अपुरे पडते. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो. आधी एक प्रसंग सांगतो, कारण या लेखाचे मूळ त्यातच आहे.

काही वर्षांपूर्वी पूजनाच्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास साठीतल्या एका काकूंना ऑटोतून आणले. अंग घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध, हात थरथरत होते. घरच्यांना वाटले अर्धांगवायूचा झटका आला. ग्लुकोमीटरवर साखर होती ४२. सकाळी सातला त्यांनी साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती. त्यानंतर पुरण शिजवणे, वाटणे, पोळ्या, सोळा भाज्या, नैवेद्य, आरती, सवाष्णींची पंगत, पुरुषांची पंगत. स्वतःच्या पोटात एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत शुद्धीवर आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेब, माझा उपास मोडला का?"

त्या दिवसापासून मी या सणाच्या आठवड्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. हा आठवडा कोणी आखला, कसा आखला आणि त्यात काय बदलले?

जुनी आखणी बघा. चतुर्थीला गणपती बसतो, त्या दिवशी गोड. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. म्हणजे नांगरलेल्या जमिनीतले धान्य वर्ज्य. परसातल्या पालेभाज्या, दोडका, भोपळा, अळू, मक्याचे कणीस असे सगळे एकत्र शिजवायचे आणि सोबत भगर. त्यानंतर अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात. आमच्याकडे गौरी कमी म्हणतात, महालक्ष्म्याच म्हणतात. आल्या त्या संध्याकाळी त्यांना नैवेद्य काय? भाजी-भाकरी. माहेरी आलेली लेक प्रवासाने दमलेली असते, तिला आधी साधे जेवण. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, तो पुरणावरणाचा दिवस. मूळ नक्षत्रावर निरोप, आणि बहुतेक घरांत त्या दिवशीचे जेवण पुन्हा हलके.

गोड, मग निव्वळ पालेभाजी, मग भाजी-भाकरी, मग एकच मोठे जेवण, मग हलके. हे कोणा वैद्याने बसून लिहून दिले असे मी म्हणणार नाही. आपल्या प्रत्येक रूढीत विज्ञान शोधण्याची हौस मला नाही. यामागे बरेचसे कारण टंचाई हेच असावे. भाद्रपदात कणगीतले धान्य तळाला गेलेले असते, खरीप अजून शेतात उभा असतो. डाळ, गूळ, तूप एका दिवसापुरतेच जुळायचे. पूर्वी बऱ्याच घरी महालक्ष्म्यांच्या कोठीत, म्हणजे मुखवट्याखालच्या पोटात, धान्य भरून ठेवत. ज्या महिन्यात घरात धान्य कमी, त्याच महिन्यात देवीचे पोट भरलेले असावे ही त्या घराची इच्छा होती.

आमचे इस्लापूर तसे सीमेवरचे गाव. हैदराबाद संस्थानात हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बोथ तालुक्यातले 'इस्लापूर सर्कल' असा स्पष्ट उल्लेख आहे. किनवट आणि राजुरा तालुक्यांसोबत ते मुंबई राज्यात आले. त्यामुळे माझ्या बाकावर मराठी, तेलुगू, गोरमाटी आणि गोंडी चारही बोली ऐकू येतात. पुरणपोळीला शेजारच्या तेलंगणात बक्षालू म्हणतात. महालक्ष्म्या सगळ्यांच्या घरी बसत नाहीत, पण प्रसादाचा डबा सगळ्यांच्या घरी जातो आणि साखर सगळ्यांचीच वाढते!

आता काय बदलले ते सांगतो. माझी आई १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगायची. त्या वर्षी महालक्ष्म्यांना पुरण झाले ते मूठभर डाळीचे, फक्त नैवेद्यापुरते. घरात सगळ्यांच्या वाट्याला चिमूटभर आले. पुढे लोक खडी फोडायला गेले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची आणि कामावर सुकडी. त्या पिढीच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की सणाला पोटभर गोड मिळणे म्हणजे दिवस बरे आले. आजही कुणी आजी नातवाच्या ताटात तिसरी पोळी आग्रहाने वाढते, तेव्हा तिच्यामागे ती लाल ज्वारी उभी असते. तिला नुसते "शुगर वाढते" सांगून उपयोग होत नाही.

तेलाचेही तसेच. मराठवाड्याचे तेल म्हणजे करडईचे, घाण्यावरचे. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि हळूहळू खेड्यांतही पोचला. मग रेशनवरचे पामोलिन आले. १९९४ नंतर त्याची आयात खुली झाली आणि तळण स्वस्त झाले. पूर्वी महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायच्या फुलोऱ्यापुरत्या करंज्या आणि पापड्या तळत. आता डबे भरतात. शेतातली ज्वारी कमी होऊन सोयाबीन आले, भाकरीची जागा पोळीने घेतली. २०२२ च्या दिवाळीत शासनाने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होते. पुढे गौरी-गणपतीलाही तो मिळाला. गरिबाच्या घरी सण व्हावा हा हेतू चांगलाच. पण त्या पिशवीकडे डॉक्टर म्हणून पाहिले की जाणवते, सणाचे जेवण म्हणजे गोड आणि तळलेले हे समीकरण सरकारदरबारीही पक्के झाले आहे.

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल मात्र फ्रीजने केला. यावर कोणी फारसे बोलत नाही. पूर्वी पुरण त्या दिवशी संपवावेच लागे, नाहीतर आंबायचे. उरायची ती कटाची आमटी. आता चार किलो पुरण होते, डब्यात भरून फ्रीजमध्ये जाते आणि पुढचे पाच दिवस रोज रात्री दोन गरम पोळ्या. त्यात पुण्या-हैदराबादहून आलेली भावंडे, म्हणून आज थोरल्या काकांकडे जेवण, उद्या मावशीकडे, परवा मंडळाचा भंडारा. जुन्या आठवड्यात जेवणाचा मोठा दिवस एकच होता. आपण त्याचे सात केले आणि मधले भाजी-भाकरीचे दिवस गाळून टाकले.

थोडा हिशोब करू. किलोभर डाळीला किलोभर गूळ हे आमच्याकडचे माप, त्यात साधारण चाळीस पोळ्या होतात. म्हणजे एका पोळीत २५ ग्रॅम गूळ, पाच चमचे साखरेइतका. शिवाय डाळ आणि कणीक आहेच. "साखर नाही साहेब, गुळाची आहे" हे मला रोज ऐकवले जाते. रक्ताला तो फरक कळत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या मोठ्या संख्येत आपल्या पंगतीतले कोणी ना कोणी असणारच.

मग पुरणपोळी खायचीच नाही का? खा की. पूजनाच्या दिवशी एक पोळी, तूप घालून, सावकाश. मात्र तिच्यासोबत भात घेऊ नका आणि आधी सोळा भाज्या खा. वर्षात हा एकच दिवस असा, की घरात सोळा भाज्या शिजतात, आणि आपण त्या चमचाभर चाखून बाजूला सारतो! त्या वाटीभर घ्या. ताटात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील असतेच. रोजच्या ताटातून गेलेली ज्वारी देवीच्या ताटात अजून टिकून आहे, तिला हात लावा. फक्त आंबील गोड करू नका, आणि बीपी असेल तर मीठ बेताचे ठेवा. पापड-लोणचेही त्याच हिशोबात.

बाकीच्या रात्रींसाठी जुनीच आखणी उचला. आगमनाच्या रात्री खरोखर भाजी-भाकरीच करा, पाहुणे आले म्हणून त्यात गुलाबजाम घालू नका. निरोपाच्या रात्री उरलेल्या भाज्या, कटाची आमटी आणि भाकरी. पुरण कमी शिजवा. जास्त झालेच तर त्याच दिवशी वाटून टाका, फ्रीजमध्ये ठेवू नका. आणि नातेवाइकांकडे जायचे असेल तर आधीच फोन करून सांगा, "वहिनी, आमच्यासाठी पिठलं-भाकरी करा." वहिनीही सुटकेचा श्वास टाकते, हे मी पाहिले आहे.

आता पुन्हा त्या काकूंकडे येतो, कारण जास्त खाण्याइतकाच न खाण्याचा धोका या आठवड्यात असतो. आपल्याकडे रांधणारी शेवटी जेवते, ही रीत फार जुनी आहे. पूर्वी त्याचा परिणाम अशक्तपणात आणि रक्त कमी होण्यात दिसायचा. आता त्याच बाईच्या डब्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी असते आणि ती नैवेद्याची वाट पाहत नाही. सकाळी घेतली आणि जेवण चारला झाले तर साखर घसरते. इन्सुलिनचे तर विचारूच नका. ज्या दिवशी जेवण उशिरा होणार, त्या दिवशीचे डोस आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका आणि उपाशीपोटी घेऊही नका. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, विसंगत बोलणे यातले काही दिसले तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो, त्यामुळे साखर एकदा वर आली म्हणून निश्चिंत राहू नका. काकूंना मी त्या रात्री ठेवून घेतले होते.

त्यांच्या घरी पुढच्या वर्षी काय झाले तेही सांगतो. थोरल्या सुनेने सासूला विचारून रीत थोडी बदलली. पहाटे पाचला स्वयंपाक सुरू, साडेअकराला नैवेद्य आणि सवाष्णींच्या पहिल्याच पंगतीत सासूबाईंचे पान. कुणी नातेवाईक कुरकुरले म्हणे. तेव्हा काकूंनी उत्तर दिले, "मी काय सवाष्ण नाही का?"