अग्निखेळाचे छायाचित्रण

पेटता पोत, दिवटी, काठी किंवा साखळीला बांधलेले गोळे फिरवणाऱ्या कलावंताचे छायाचित्र टिपणे यास अग्निखेळाचे छायाचित्रण म्हणतात. सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश हा त्यासाठी सर्वांत अनुकूल काळ होय.

परंपरा

महाराष्ट्रात देवीच्या उपासनेत अग्नीला मानाचे स्थान आहे. गोंधळी संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळ घालतात. त्या वेळी तेलावर जळणारी दिवटी प्रज्वलित असते. तेलात भिजवलेल्या कापडाचा पोत नाचवण्याचीही प्रथा आहे. जालना जिल्ह्याला समुद्र नाही. मात्र नवरात्रात अंबड येथील मत्स्योदरी देवीच्या टेकडीसारख्या स्थानी मोकळे पश्चिम क्षितिज सहज लाभते. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर चालणारे अग्निनृत्य मुख्यतः पर्यटकांसाठी असते. त्यातील गोळे फिरवण्याचा प्रकार न्यूझीलंडमधील माओरींच्या ‘पोई’वरून आला, मूळ पोईत अग्नी नसतो.

वेळ

सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळास नागरी संधिप्रकाश म्हणतात. आपल्या अक्षांशावर तो जेमतेम २२ ते २४ मिनिटे टिकतो. जालन्यात ऑक्टोबरच्या पूर्वार्धात सूर्यास्त सायंकाळी सहा ते सव्वासहाच्या दरम्यान होतो. म्हणजे साडेसहानंतर आकाशाचा निळा रंग झपाट्याने काळवंडतो. पुढे चित्रात केवळ ज्वाला उरते, माणूस हरवतो.

तंत्र

हातातील पोत सेकंदाला एक फेरा घेत असेल, तर १ सेकंदाच्या शटरगतीत पूर्ण वर्तुळ उमटते आणि १/८ सेकंदात त्याचा आठवा भाग. लांब शटरगतीसाठी तिपाई अनिवार्य आहे. ज्वालेची जीभ गोठवायची असल्यास १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद गती लागते. ज्वालेचा रंग सुमारे १,९०० केल्विन, तर संध्याकाळचे आकाश त्याहून पुष्कळ निळसर. म्हणून कॅमेऱ्याचे स्वयंचलित रंगसंतुलन बरेचदा फसते. ज्वालेचा भाग पांढरा पडू नये यासाठी उद्भासन मुद्दाम थोडे कमी ठेवावे. चेहरा अंधारा आला तरी चालेल. तो ज्वालेच्याच उजेडात उजळलेला असतो आणि तोच प्रकाश खरा. झगझगीत फ्लॅशने हा सारा भाव नाहीसा होतो.

सुरक्षितता आणि शिष्टाचार

पश्चिम किनाऱ्यावर एक अडचण हमखास येते. मावळतीचे आकाश पाठीमागे हवे म्हणून छायाचित्रकार जमिनीच्या बाजूस उभा राहतो, आणि संध्याकाळचा वारा समुद्राकडूनच जमिनीकडे वाहत असल्याने ठिणग्या व इंधनाचे थेंब नेमके त्याच्याच दिशेने येतात. अशा वेळी एका बाजूस तिरकस उभे राहून दूरचे भिंग वापरावे. नायलॉनचे कपडे टाळावेत, कारण ते वितळून त्वचेस चिकटतात. ओले जाड सुती कापड जवळ असावे. तोंडातून रॉकेल फुंकण्याचा खेळ विशेष घातक आहे. ते फुप्फुसात गेल्यास रासायनिक न्यूमोनिया होतो. केवळ एका चित्रासाठी तसा आग्रह कोणासही धरू नये.

गोंधळ हा विधी आहे, तमाशा नव्हे. आरंभीच यजमान व गोंधळी यांची परवानगी घ्यावी. हातात अग्नी असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर अचानक फ्लॅश मारल्यास त्याला क्षणभर काही दिसत नाही, आणि पोत तर फिरतच असतो.