स्टोमा बॅग असताना अंघोळ आणि पिशवी बदलणे

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेले रुग्ण बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात, तो म्हणजे "पोटावर पिशवी असताना अंघोळ करता येते का?" उत्तर आहे: हो, रोज करता येते. भीतीपोटी काही जण आठवडा-आठवडा अंघोळ टाळतात, पिशवीवर घट्ट कापड बांधतात. त्यामुळे त्वचा ओली राहते, खाजते आणि सोलवटते.

स्टोमा म्हणजे काय?

आतड्याचे तोंड पोटावर आणून मल बाहेर येण्यासाठी केलेली वाट म्हणजे स्टोमा. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी म्हणतात. निरोगी स्टोमा लाल-गुलाबी आणि ओलसर असतो. त्याला स्पर्शाने दुखत नाही. पुसताना रक्ताचे एक-दोन थेंब आले तर घाबरू नये.

अंघोळ कशी करावी?

पिशवी लावून किंवा काढून, दोन्ही प्रकारे अंघोळ चालते. पाणी स्टोमातून आत जाऊन अपाय करत नाही. मात्र शस्त्रक्रियेची जखम भरेपर्यंत डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

- अंघोळीआधी पिशवी रिकामी करावी.
- पाणी कोमट असावे. तांब्याने पाणी स्टोमावर जोरात मारू नये, वरून हळू सोडावे.
- डेटॉल, तेलकट साबण, खोबरेल किंवा मोहाचे तेल स्टोमाभोवती लावू नये. त्यावर चकती चिकटत नाही.
- अंघोळीनंतर पिशवीची बाहेरची बाजू मऊ कापडाने टिपून कोरडी करावी.

धडगावसारख्या सातपुड्याच्या भागात अनेक घरी न्हाणीघर वेगळे नसते. आडोसा करून, स्टुलावर बसून अंघोळ केली तरी चालते. पावसाळ्यातले गढूळ नदी-नाल्याचे पाणी स्टोमासाठी वापरू नये.

पिशवी कशी बदलावी?

पिशवी एक-तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. जड पिशवी चकती ओढते. चकती साधारणपणे ३ ते ५ दिवसांनी बदलावी. गळती झाली किंवा खाज सुटली तर लगेच बदलावी. सकाळी काही खाण्याआधी बदलणे सोयीचे, कारण तेव्हा मल कमी येतो.

१. नवी चकती, कात्री, कोमट पाणी आणि मऊ कापड आधीच जवळ ठेवा.
२. एका हाताने त्वचा दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने चकती वरून खाली हळूहळू सोडवा. ओढून काढू नका.
३. साध्या पाण्याने धुवा आणि त्वचा पूर्ण कोरडी करा.
४. स्टोमा मोजून छिद्र त्याच्यापेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठे कापा. सुरुवातीचे ६ ते ८ आठवडे स्टोमा आक्रसतो, म्हणून दर वेळी मोजा.
५. चकती दोन्ही तळहातांत धरून थोडी गरम करा, लावा आणि एक-दोन मिनिटे हलके दाबून धरा.

छिद्र फार मोठे झाले तर मल त्वचेवर उतरतो. त्वचा सोलवटण्याचे हे मोठे कारण आहे. नेहमीची अंगाची पावडर वापरू नये.

उन्हाळा आणि प्रवास

पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीत पिशव्या ठेवू नयेत. उष्णतेने डिंक मऊ होतो. आठवडी बाजाराला किंवा नंदुरबारला जाताना एक तयार संच सोबत असावा. घाटरस्त्यात अडकलात तरी अडचण होत नाही. घरातला साठा संपत येण्याची वाट न पाहता किमान दोन आठवड्यांचा साठा शिल्लक असतानाच नवा मागवावा. वापरलेली पिशवी मल शौचालयात रिकामा करून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी. ओढ्यात टाकू नये.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

- स्टोमा जांभळा किंवा काळा पडला
- रक्त थांबत नाही
- त्वचा सोलवटून चिघळली
- इलिओस्टोमीतून सुमारे ६ तास काहीच न येता पोटात कळा किंवा उलट्या सुरू झाल्या
- खूप पातळ मल येऊन लघवी कमी झाली, चक्कर येते

इलिओस्टोमीच्या रुग्णाच्या शरीरातील पाणी लवकर कमी होते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ओआरएस घोट-घोट देत राहावे. अंतर जास्त असेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

पहिली दोन-तीन वेळा पिशवी बदलायला घरच्या एकाने शिकून मदत करावी. पुढे बहुतेक रुग्ण हे काम स्वतः करतात आणि शेतात, बाजारात पुन्हा जाऊ लागतात.