उत्पन्नमर्यादा आणि उपचारहक्क : सांवेर परिसराचा इतिहास

इंदूर आणि उज्जैन यांच्या दरम्यान वसलेल्या सांवेर तहसिलीत सरकारी खर्चाने उपचार मिळण्याचा हक्क गेल्या शंभराहून अधिक वर्षांत अनेकदा नव्याने आखला गेला. स्वातंत्र्योत्तर काळातील जवळजवळ प्रत्येक आखणीत गरिबांसाठी एक मर्यादा ठरवली गेली आणि तिच्यापलीकडे कमावणाऱ्या काही कुटुंबांना आत घेणारी वाटही नियमांनीच मोकळी ठेवली. मर्यादेबाहेरच्या कुटुंबाला मिळालेला लाभ म्हणजे सरसकट लबाडी, असा समज प्रशासनात आणि समाजात रूढ आहे. या परिसराचा इतिहास मात्र असे दाखवतो की उत्पन्नाच्या आकड्यावरून आजारपणातील ऐपत ओळखता येत नाही, आणि ही उणीव राज्यकर्त्यांना वेळोवेळी अपवादांनी भरून काढावी लागली आहे.

१८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली आणि सांवेर हा तिच्या निकटचा परगणा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानांमध्ये पाश्चात्त्य वैद्यकाचे दवाखाने निघू लागले आणि १८७८ मध्ये इंदूरच्या रेसिडेन्सीत, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीच्या वसाहतीत, वैद्यकीय शाळाही सुरू झाली. त्या काळातील धर्मादाय दवाखान्यांची सर्वसाधारण रीत अशी होती की दारी आलेल्या रोग्याला औषध द्यावे. त्याचे उत्पन्न किती, याचा दाखला मागण्याची पद्धत नव्हती, कारण उपचार हा हक्क नसून राज्यकर्त्याचा दानधर्म समजला जाई. खेड्यातील रोग्याला अडवत असे ते अंतर; कागद नव्हे. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्यभारत मध्य प्रदेशात सामावले गेले आणि १९५० च्या दशकात इंदूरमध्ये उभ्या राहिलेल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाकडे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘एमवाय’कडे, आसपासच्या खेड्यांतील गंभीर रोगी जाऊ लागले.

दानाचे रूपांतर हक्कात कसे करावे, याची चर्चा याच संक्रमणकाळात देशपातळीवर झाली. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात असे तत्त्व मांडले की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. त्यासाठी वैद्यकीय सेवा सर्वांना विनामूल्य असावी आणि ऐपतदारांचा वाटा करांच्या रूपाने घ्यावा, असे तिने सुचवले. या योजनेत रोग्याच्या मिळकतीची चौकशी दवाखान्याच्या दारात करण्याचे प्रयोजनच उरत नव्हते. मात्र स्वतंत्र भारताला तेवढा खर्च पेलला नाही आणि हक्काचे वाटप गटागटाने होऊ लागले.

पहिला मोठा गट कारखान्यांतील कामगारांचा होता. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केलेल्या आरोग्यविम्याच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला. कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून उपचार देणाऱ्या या योजनेत, जी कामगारवस्तीत ‘ईएसआय’ म्हणून ओळखली जाते, आरंभी महिना ४०० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांचा समावेश होता. पुढे ही मर्यादा महागाईच्या मागून सरकत गेली आणि १ जानेवारी २०१७ पासून ती २१,००० रुपये झाली. कापडगिरण्यांच्या इंदुरात या योजनेला स्वाभाविक महत्त्व होते. नंदानगर येथील विमा रुग्णालय आणि सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रातील लहानमोठे कारखाने यांमुळे ते आजही टिकून आहे. या कायद्यातील एक तरतूद येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वर्गणीचे वर्ष एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाहींत विभागलेले असून, सहामाही सुरू झाल्यावर कामगाराचे वेतन मर्यादेपलीकडे गेले तरी ती सहामाही संपेपर्यंत तो योजनेतच राहतो आणि त्या वर्गणीवरचे लाभ त्याला मिळतात. पगारवाढ झाली म्हणून चालू उपचार तुटू नयेत, एवढा विवेक कायद्याने दाखवला.

शेतमजूर, छोटे शेतकरी आणि हातावर पोट असलेले कारागीर यांना असे कवच नव्हते. त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालय हाच आधार होता. या आधाराचे स्वरूप इंदूरमध्येच बदलले. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा उंदरांनी आणि घाणीने ग्रासलेले एमवाय रुग्णालय रिकामे करून स्वच्छ करण्यात आले, आणि त्याच्या देखभालीसाठी ‘रोगी कल्याण समिती’ ही स्थानिक संस्था स्थापन झाली. रुग्णांकडून माफक शुल्क घेऊन तो पैसा त्याच रुग्णालयावर खर्च करणे, ही तिची कार्यपद्धती होती. ती पुढे मध्य प्रदेशभर आणि त्यानंतर देशात अनेक ठिकाणी स्वीकारली गेली. स्वच्छता, यंत्रसामग्री आणि स्थानिक जबाबदारी या बाबतींत तिने निश्चित लाभ घडवला. परंतु शुल्क आले की शुल्कमाफी येते आणि माफी आली की पुरावा येतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला सवलत द्यायची, तर ते कुटुंब त्या रेषेखाली असल्याचा कागद खिडकीवर दाखवणे आवश्यक झाले. २००४ मध्ये राज्याने सुरू केलेल्या दीनदयाळ अंत्योदय उपचार योजनेनेही दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांनाच विनामूल्य उपचारांचे कार्ड दिले.

ही रेषा मुळात अशा कामासाठी आखलीच नव्हती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज २,२५० उष्मांक देणारा आहार परवडण्याइतका खर्च ही दारिद्र्याची किमान कसोटी धरली होती, आणि तिच्या आधारे देशात किती लोक गरीब आहेत याचा अंदाज केला होता. नमुना पाहणीवरून काढलेला असा अंदाज राष्ट्राचे चित्र दाखवतो. एखाद्या गावातील अमुक घर गरीब आहे की नाही, हे तो ठरवू शकत नाही. तरीही सरकारला घरांची यादी हवी होती. १९९२ च्या ग्रामीण सर्वेक्षणात वार्षिक ११,००० रुपये उत्पन्न ही मर्यादा धरली गेली, १९९७ मध्ये खर्चाच्या कसोटीबरोबर जमीन, पक्के घर आणि दूरचित्रवाणी संच यांसारख्या वस्तूंचा विचार झाला, आणि २००२ मध्ये तेरा निकषांना शून्य ते चार गुण देऊन एकूण ५२ गुणांपैकी कमी गुण मिळवणारे घर गरीब ठरवले गेले. शेतीचे उत्पन्न पावसागणिक बदलते आणि मजुरीची नोंद कोठेच होत नाही. त्यामुळे मोजता येत नाही त्याच्या जागी दिसते ते मोजण्याकडे प्रशासन वळले.

याच प्रवासाचा पुढचा टप्पा म्हणजे २०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना. तिच्या आधारे २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली आणि सुमारे १०.७४ कोटी कुटुंबांना दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची हमी मिळाली. गणनेत दुचाकी, शीतपेटी किंवा महिना १०,००० रुपयांहून अधिक कमावणारा सदस्य असलेले घर वगळले जाई; कच्च्या भिंतींची एकच खोली, घरात कर्ता पुरुष नसणे, अनुसूचित जातीजमातींत मोडणे किंवा भूमिहीन मजुरी यांसारख्या वंचना पात्रता देत. ही यादी २०११ मध्येच गोठल्यामुळे एक विलक्षण परिणाम झाला. ज्या घरातील मुलगा पुढे पीथमपूरच्या कारखान्यात लागला आणि चार पैसे अधिक मिळवू लागला, त्याचे नाव यादीत कायम राहिले. ज्या घराची शेती त्यानंतर कर्जात गेली, ते बाहेरच राहिले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात काही राज्यांतील निवृत्तिवेतनधारकांकडेही ही कार्डे असल्याचे आढळले. खोटी माहिती देऊन कार्ड घेणे हा गुन्हाच आहे. परंतु यादीच्या जुनेपणामुळे आत राहिलेल्या कुटुंबाने कोणतीही लबाडी केलेली नसते, हा भेद नीट राखला पाहिजे.

मध्य प्रदेशाने यादीची ही उणीव इतर नोंदींनी भरून काढली. अन्नसुरक्षेची ‘पात्रता पर्ची’, म्हणजे स्वस्त धान्य मिळवून देणारी चिठ्ठी, असलेली कुटुंबे, तसेच २०१८ च्या ‘संबल’ योजनेत नोंदलेले असंघटित कामगार यांना राज्याने आयुष्मान कार्ड दिले. संबलची कसोटी एक हेक्टरपर्यंत जमीन, आयकर न भरणे आणि सरकारी नोकरी नसणे अशी होती. आयकर भरणारे आणि ठरावीक सरकारी नोकर वगळून अनुसूचित जातीजमातींची कुटुंबेही पात्रता पर्चीच्या कक्षेत आली. सांवेर हा विधानसभेचा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ असल्याने या तरतुदीचे महत्त्व येथे सहज ध्यानात यावे. या साऱ्या कसोट्यांत महिन्याच्या कमाईचा आकडा मागे पडला आणि कामाची अनिश्चितता व सामाजिक स्थान पुढे आले.

पुढे मर्यादाच काही ठिकाणी गळून पडली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने पिवळी आणि केशरी शिधापत्रिका असलेल्यांना प्रवेश दिला आणि वार्षिक लाखाहून अधिक उत्पन्नाच्या पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांना सर्वसाधारणपणे बाहेर ठेवले. त्याच योजनेची वारस असलेल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने २०२३ च्या निर्णयानुसार पांढऱ्या शिधापत्रिकांनाही सामावून घेतले. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने सत्तर वर्षे आणि त्यावरील प्रत्येक नागरिकाला उत्पन्न न पाहता आयुष्मान ‘वय वंदना’ कार्डाचा हक्क दिला. त्यामुळे सांवेरमधील निवृत्त शिक्षक आणि शेजारचा वृद्ध शेतमजूर यांना एकाच नियमाने उपचार मिळू लागले.

तरीही एक जागा रिकामीच आहे. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने आलेल्या ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या योजनेत अनेक राज्ये अशी मुभा देतात की कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेहून अधिक असले तरी त्यातून उपचारांचा खर्च वजा करावा आणि उरलेली रक्कम मर्यादेत बसली, तर त्याला पात्र ठरवावे. भारतातील याद्यांनी जमीन, भिंती, वाहन, जात, वय आणि काम विचारात घेतले, पण आजाराचा खर्च पात्रतेच्या हिशोबात धरला नाही. त्यामुळे कर्करोगाच्या वा मूत्रपिंडाच्या दीर्घ उपचारांत बुडालेले पन्नाशीतले मध्यमवर्गीय कुटुंब, जमीन विकून खरोखर गरीब होईपर्यंत, गरिबांच्या योजनेला अपात्र राहते आणि त्यानंतरही जुन्या यादीत त्याला स्थान नसते. ही स्थिती अन्यायाची आहे. भोर समितीने सुचवलेली सर्वांसाठीची सेवा हा तिच्यावरचा पुरा उपाय होय. ती प्रत्यक्षात येईपर्यंत पात्रता ठरवताना रुग्णालयाचे बिल उत्पन्नातून वजा करण्याचा साधा नियम तरी राज्याने स्वीकारावा, कारण आजाराने येणारे दारिद्र्य रोखणे हाच उपचारहक्काचा मूळ हेतू आहे.