गाठोड्यात काय बांधायचं? बेने इस्रायली बायकांकडून शिकण्यासारखं



हल्ली आपल्या गटांमध्ये दर दोन-चार महिन्यांनी कुणाचं तरी लेकरू परदेशी निघालेलं असतं. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची लेक नर्स म्हणून कुवेतला. मग हप्त्याचा हिशेब जरा बाजूला राहतो आणि बैठकीत एकच चर्चा रंगते, बरोबर काय काय द्यायचं? मेतकूट, आमसुलं, घरचा मसाला, पापड. विमानात वजन मोजून घेतात, म्हणून मग एकेक पुडी आत-बाहेर होते. त्या गडबडीत आम्हाला आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या एका समाजाची आठवण झाली. हा समाज दोनदा समुद्रापार गेला. एकदा सगळं गमावून इथे आला आणि दुसऱ्यांदा सामान बांधून इथून निघाला. आज त्यांची गोष्ट सांगतो.

हा समाज म्हणजे बेने इस्रायली, आपले मराठी ज्यू. अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या भागात शेकडो वर्षं ते आपल्या शेजारी राहिले. त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की फार पूर्वी नवगावजवळच्या समुद्रात एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आजही आहे. जहाजाबरोबर सामान गेलं, धर्मग्रंथ गेले. मग उरलं काय? शनिवारी काम करायचं नाही, हे उरलं. मुलाची सुंता करायची, खवल्यांचाच मासा खायचा, मटणात दूध-तूप मिसळायचं नाही, हे उरलं. आणि एक छोटीशी प्रार्थना उरली. म्हणजे जे रोजच्या हाताला आणि तोंडाला होतं, तेवढं समुद्राने नेलं नाही.

इथे त्यांनी घाण्यावर तेल काढायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं, शनवार तेली. ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव आडनाव झालं. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर अशी शंभरावर आडनावं झाली. घरात मराठी, अंगावर नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, लग्नाआधी मेंदी.

आता त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावूया, कारण खरं शहाणपण तिथे दिसतं. मटणाबरोबर दूध चालत नाही, मग रस्सा दाट कशाने करायचा? कोकणात नारळ होता. नारळाच्या दुधाने नियमही पाळला गेला आणि चवही आली. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेला द्राक्षारस लागतो. तो इथे कुठून मिळणार? बायकांनी काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केलं आणि त्यावर प्रार्थना म्हटली. नवस फेडायचा असला, लग्न असलं की मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, किसलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा आणि वर फळं. हा मलिदा ते एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. या प्रेषिताच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळे गावच्या खडकावर आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. प्रेषित दूरदेशीचा आणि ताटात पोहे आपले.

सण साजरा करायची पोथीही मराठीत आली. त्यांच्या वल्हांडण सणाला वाचायची पोथी 1874 मध्ये पुण्यात मराठी अर्थासह छापली गेली. तिच्या चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडी नेसलेल्या आहेत.

पुढे ही मंडळी नोकरीधंद्यासाठी मोठ्या संख्येने मुंबईला गेली. गिरण्या, रेल्वे, पलटण, शाळा, दवाखाने, सगळीकडे कामाला लागली. 1948 मध्ये इस्रायल देश स्थापन झाला. तेव्हा इथे बेने इस्रायली सुमारे 20 हजार होते. इथे त्यांना धर्मावरून कुणी छळलं नव्हतं. तरी जिथून आपण आलो असं आजी-पणजीने सांगितलं, तो देश बोलावतोय म्हटल्यावर कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक समाज तिकडे गेला.

तिथे बीरशेबा, दिमोना, लोद, अशदोद अशा गावांत त्यांची वस्ती झाली. काही गावं वाळवंटाच्या तोंडाशी. नवा देश, तंगीचा काळ. 1949 पासून काही वर्षं खाणंपिणं रेशनवर होतं. भाषा हिब्रू, ती येत नव्हती. कारकुनी केलेल्या माणसाला मजुरी करावी लागली. रंगावरून टोमणे ऐकावे लागले. 1951 मध्ये काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून हट्ट धरला. 1952 मध्ये शंभरावर माणसं खरोखर परत आली. पण इथेही आता बस्तान उरलं नव्हतं. त्यातले बरेच जण पुन्हा तिकडे गेले.

आणि मग आली मोठी परीक्षा. ज्या धर्मासाठी घर सोडलं, त्या धर्माचे तुम्ही खरे आहात का, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठाने विचारला. 1962 च्या सुमारास सूचना निघाली की बेने इस्रायली माणसाचं लग्न इतर ज्यूंशी लागायचं असेल, तर त्याच्या आईची, आईच्या आईची आणि त्यामागची चौकशी करायची. मैत्रिणींनो, ज्यू धर्मात मूल कोणाचं हे आईवरून ठरतं, म्हणून चौकशी बायकांच्या वंशाची. आता सांगा, कोकणातल्या कुठल्या आजीचं माहेरचं नाव कागदावर होतं? शेतीच्या उताऱ्यावर नावं पुरुषांची. बाईचं नाव लग्नात बदललं की जुनं नाव गेलंच. गाठोड्यात मसाले होते, लुगडी होती, पण तिकडे मागितला तो पुरावा कुणी बांधून घेतला नव्हता.

समाज गप्प बसला नाही. बायका-मुलांसह मोर्चे निघाले, धरणी धरली. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायली सर्व बाबतीत ज्यू आहेत. त्यानंतर त्या सूचनेतून त्यांचं नाव काढण्यात आलं.

या लढ्यात गावानुसार पडलेली आडनावं आणि समाजाचा लिहिलेला इतिहास यांचं मोल कळतं. हैम सॅम्युएल किहीमकर नावाच्या गृहस्थांनी आपल्या लोकांचे रीतिरिवाज, आडनावं, आख्यायिका असं सगळं गोळा करून 1897 च्या सुमारास ग्रंथ लिहिला. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. छापला गेला 1937 मध्ये, तोही तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षं ते हस्तलिखित कुणीतरी जपलं म्हणून आज आपल्यालाही ही माहिती मिळते.

आज तिकडे काय टिकलंय? लग्नाआधीची मेंदी आहे. मलिद्याचं ताट आहे. बायकांनी वह्यांमध्ये उतरवून ठेवलेली मराठी गाणी आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथे निघत आलं. पण मुलं शाळेत हिब्रू शिकली आणि नातवंडांच्या तोंडी मराठी कमी झाली. मलिदा दर कार्याला करावाच लागतो, त्यामुळे पुढच्या मुलीला तो आपोआप येतो. भाषा मात्र कुणी मुद्दाम बोलली नाही तर हळूच सुटते. जे वापरात राहिलं ते टिकलं. जे नुसतं पेटीत राहिलं त्याला वाळवी लागली.

म्हणून आमचं सांगणं असं. लेकीला मसाल्याची पुडी द्याच, पण ती दोन महिन्यांत संपेल. त्याआधी तो मसाला तिच्याकडून एकदा करवून घ्या, प्रमाण तिच्या हाताने लिहून घ्या. बेने इस्रायली बायकांनी द्राक्षाऐवजी मनुका वापरला, तसं तीही तिथे मिळेल त्यावर भागवायला शिकेल. पासपोर्टची, नोकरीच्या कराराची, पत्त्याची एक प्रत घरी ठेवा, एक तिच्याजवळ वेगळी द्या. कागद मागणारा कधी काय मागेल, सांगता येत नाही.

आणि एक काम गटाने मिळून करायचं. या महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर दुसरी एक कोरी वही आणा. प्रत्येकीने तिच्यात आपलं माहेरचं पूर्ण नाव, आईचं माहेरचं नाव, आजीचं माहेरचं नाव आणि त्यांची गावं लिहायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजारणीने लिहायचं. आठवत नसेल तर घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती माणसं आहेत तोवर विचारा. खाली आजीची एक ओवी, एक पदार्थ. आमच्या तीन गटांनी सुरुवात केली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणींना आजीचं माहेरचं नाव सांगता आलं नाही. घराण्याच्या नोंदीत जे नाव कुणी लिहिलं नाही, ते आता आपणच लिहायचं.

त्या वहीतलं आपलं पान मुलांच्या बॅगेत घाला. त्याला वजन काहीच नाही.