एसएमपीएसचं लेबल आणि १२ व्होल्ट

मंडळी, नवं ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी जुन्या एसएमपीएसचं लेबल वाचा.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं, तेव्हा बराचसा भार ५ आणि ३.३ व्होल्टवर असायचा. २००० मध्ये पेंटियम ४ आला आणि प्रोसेसर १२ व्होल्टवर गेला. ग्राफिक्स कार्डंही मागोमाग. २००६ च्या जीफोर्स ८८०० जीटीएक्सला स्लॉटचे ७५ वॉट पुरेनात, म्हणून ६ पिनांचे दोन कनेक्टर, प्रत्येकी आणखी ७५. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ने तर थेट ४५० वॉट गाठले!

त्यामुळे खोक्यावरच्या ठळक आकड्याला भुलू नका. त्यात ५ व्होल्टचा वाटाही धरलेला असतो आणि तो कार्डाच्या फारसा कामाचा नाही. १२ व्होल्टसमोरचे एकूण वॉट कार्ड आणि प्रोसेसर दोघांना पुरून उरायला हवेत. नाहीतर ऐन गेममध्ये पीसी बंद पडलाच म्हणून समजा.