टपावरचं ओझं

"सर, शंभर किलो आरामात बसतं. बिनधास्त टाका."

नाना पेठेतल्या एका दुकानदारानं असं सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हाला चिपळूणजवळ माझ्या सासुरवाडीला जायचं होतं. अम्मी, आम्ही दोघं, दोन मुली आणि भाचा, असे सहा जण. गाडी सात आसनी आहे. पण तिसरी रांग उघडली की डिकीत दप्तरं आणि पाण्याचा कॅन, एवढीच जागा उरते. त्यात अम्मीची घडीची व्हीलचेअर. ती घरी ठेवून चालणार नव्हतं. म्हणून टपावर रूफ बॉक्स बसवायचं ठरलं.

घरी येऊन गाडीसोबत मिळालेली पुस्तिका पहिल्यांदाच नीट वाचली. टपावर जास्तीत जास्त 50 किलो, असं तिथं छापलेलं होतं. त्या पन्नासात नुसतं सामान धरायचं नसतं. आडव्या पट्ट्यांचं वजन साधारण 5 किलो, रिकाम्या बॉक्सचं 17 किलो. उरले 28. दुकानदाराचे शंभर आणि पुस्तिकेचे अठ्ठावीस, यांच्यात आमच्या घरातली सहा माणसं बसणार होती.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, मोटारीतलं मला फारसं कळत नाही. पण एखादी गोष्ट कळली नाही की तिचे शब्द उलगडून बघायची मला सवय आहे. प्रवासाचे आपले मराठी शब्दच पाहा. 'सामान' आणि 'बारदान' फारसीतून आले. 'मुक्काम' अरबी. 'मजल दरमजल' मधली मजल म्हणजे अरबी 'मंज़िल'. 'हमाल' सुद्धा अरबी. ह-म-ल या त्याच्या धातूचा अर्थ वाहणं. याच धातूपासून उर्दूत 'हामिला' म्हणजे गर्भवती आणि 'तहम्मुल' म्हणजे सहनशीलता हे शब्द झाले. ओझं वाहणारा, पोटात जीव वाहणारी आणि मनात दुःख वाहण्याची ताकद, तिघांचं मूळ एक.

पण माझा आवडता शब्द आहे 'बुणगे'. बाजारबुणगे हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो. तो फारसी 'बुनगाह' वरून आला. बुनगाह म्हणजे फौजेचं जडजवाहीर, तंबू, भांडीकुंडी, रसद असा सगळा पसारा. पुढे त्या पसाऱ्यासोबत चालणाऱ्या माणसांनाच बुणगे म्हणू लागले. सामानाचं नाव माणसाला चिकटलं.

हा पसारा केवढा असे, याची कल्पना फ्रेंच प्रवासी बर्नियेच्या वर्णनावरून येते. 1664 च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला तेव्हा बर्निये त्या लवाजम्यात होता. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहा मुक्कामाला असताना दुसरा पुढच्या मजलीवर जाऊन उभा राही. त्याला पेशखाना म्हणत. एवढ्या एका संचासाठी साठाहून जास्त हत्ती, दोनशे उंट आणि शंभर खेचरं लागत, असं तो लिहितो. पुढे हाच बादशहा दक्षिणेत उतरला. 1695 मध्ये इटालियन प्रवासी कारेरी कृष्णाकाठी गलगल्याला त्याच्या छावणीत पोचला, तेव्हा ती छावणी नसून एक चालतं शहरच झालं होतं.

त्याच मुलखात शिवाजी महाराजांची फौज कशी चाले, हे सभासदाच्या बखरीत येतं. मोहिमेवर बायकामाणसं न्यायची नाहीत, कलावंतिणी न्यायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद असे. हा नीतीचा नियम होता, तसाच वजनाचाही होता. डोंगरी मुलखात ज्याचं ओझं कमी तो आधी पोचतो आणि आधी निसटतो.

शंभर वर्षांनी मराठी फौजच हे विसरली. 1760 मध्ये सदाशिवराव भाऊ उत्तरेत निघाले तेव्हा फौजेबरोबर कुटुंबकबिले होते, व्यापारी होते, तीर्थयात्रेला निघालेली माणसंही होती. न लढणाऱ्यांचा नेमका आकडा किती यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण तो फार मोठा होता याबद्दल नाहीत. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर लढाईला उभं राहण्याआधी ही सगळी तोंडं भुकेली होती. याच फौजेत इब्राहिमखान गारद्याच्या तोफाही होत्या. त्याही जडच, त्यांच्यामुळेही चाल मंदावायची. पण रणात त्या तोफांनी आपलं काम चोख केलं आणि खानानं इमानाची किंमत जीव देऊन मोजली. मुलींना पानिपत सांगताना मी हा फरक आवर्जून सांगतो. ओझं दोन प्रकारचं असतं: एक कामाला येणारं, दुसरं नुसतंच सोबत येणारं.

ओझं किती हा एक प्रश्न झाला. ते ठेवायचं कुठं, हा दुसरा.

याचं उत्तर लमाणांना चांगलं ठाऊक होतं. मीठ आणि धान्य घेऊन बैलांचे तांडे देशभर फिरत. दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं सतराव्या शतकातला प्रवासी ताव्हेर्निये लिहितो. बैलाच्या पाठीवर गोणी टाकत ती दोन्ही बाजूंना सारखी लोंबणारी. घोड्यावरची खुर्जी आणि वाटसरूच्या खांद्यावरची पडशीही तशीच, दोन तोंडांची. वजन पाठीवर रचायचं नाही, दोन्हीकडे वाटून खाली सोडायचं. एका बाजूला शेर-दोन शेर जास्त झाले तरी घाटात जनावर कलंडे.

उंटाच्या पाठीवरचा एक उंच डोलारा मात्र प्रसिद्ध आहे, तो म्हणजे 'महमिल'. हाही त्याच ह-म-ल धातूचा शब्द. उर्दू शायरीत लैला महमिलात बसून जाते. कैरोहून मक्केला निघणाऱ्या हजच्या काफिल्यात शतकानुशतकं एक मानाचा महमिल असे. लाकडी सांगाडा, त्यावर जरीकाम केलेलं कापड, आत जवळजवळ काहीच नाही. जो सगळ्यात उंच, तो सगळ्यात हलका. पाण्याच्या पखाली आणि धान्य दुसऱ्या उंटांच्या कुशीला लटकलेलं असे.

आपल्याकडे चाकांचा रस्ता उशिरा आला. गव्हर्नर माल्कमनं बोरघाट 1830 मध्ये गाड्यांसाठी खुला केला. पुण्याकडून आगगाडी खंडाळ्यापर्यंत 1858 मध्ये आली, पण घाटातला लोहमार्ग पुरा व्हायला 1863 उजाडलं. मधली पाच वर्षं प्रवासी घाटाच्या एका टोकाला उतरत, पालखी, तट्टू नाहीतर गाडीनं दुसऱ्या टोकाला जात आणि पुन्हा आगगाडीत बसत. तेवढ्या वाटेत सामान पुन्हा माणसाच्या डोक्यावर.

मोटार आली आणि सगळं उलटं झालं. मोटारीला टप होता आणि तो रिकामा होता. 1 जून 1948 ला अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी धावली. पुढे लाल गाडीच्या मागची लोखंडी शिडी आणि टपावरचं कठडं हे महाराष्ट्राचं ओळखीचं दृश्य झालं. आंब्याच्या पेट्या, सायकली, लग्नाची वळकटी, कोंबड्यांची डालगी, सगळं शिडीवरून वर जाई. हमाल खालून फेके, वरचा झेले. काळ्यापिवळ्या टॅक्सीनंही तेच केलं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, टपावरच्या लोखंडी कॅरिअरशिवाय आठवतच नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ऑक्टोबर 2003 मध्ये, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली.

अशाच एका फियाटमधून 1988 मध्ये आम्ही माझ्या नाना-नानींना हजसाठी मुंबईला सोडायला निघालो होतो. मी आठ वर्षांचा. तेव्हा मुंबईहून जेद्दाला जहाजं जात. ती 1995 पर्यंत चालली. जहाजाचे हाजी घरूनच संसार बांधून नेत. तांदूळ, डाळ, लोणचं, स्टो, रजया. पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव आणि पत्ता रंगवलेला. पुण्यातून निघताना दोन ट्रंका आणि एक भलं मोठं गाठोडं कॅरिअरवर चढलं, वर ताडपत्री, तिच्यावर सुंभ. पाऊस सुरू झालेला होता. सुंभ वाटेत पुन्हा आवळून बघायला हवा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बोरघाटाच्या एका वळणावर टपावर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. चालक चाचांनी ब्रेक दाबला आणि गाठोडं बोनेटवरून पुढे रस्त्यावर पडून कठड्यापलीकडे गेलं. समोरून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला. त्याच्या जागी कुणी दुचाकीवर असतं, तर नाना-नानींची हजची वाट तिथंच संपली असती आणि दुसऱ्या कुणाची सगळीच.

गाठोड्यात रजया आणि स्टो होता. नानी रडू लागल्या. नानांनी खाली उतरून आधी ट्रकवाल्याची माफी मागितली. मग चाचांना म्हणाले, "भाई, उतरतच आहोत तर सगळंच पुन्हा बांधू." भर पावसात त्या दोघांनी ट्रंका खाली घेतल्या. एक डिकीत कोंबली, डिकीचं झाकण दोरीनं बांधलं. दुसरी पुन्हा वर गेली, आडवी, मधोमध. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात पोचलो तेव्हा रात्र झाली होती. तिथं उतरलेल्या एका कुटुंबानं आपला स्टो नानींपुढे सरकवला. हजहून परतल्यावर नानी त्या बाईंबद्दलच बोलत राहिल्या. रजयांची आठवण कुणी काढली नाही.

हे सगळं डोक्यात असताना मी पुन्हा नाना पेठेत गेलो आणि यावेळी प्रश्न विचारले. टपावरच्या रेल खऱ्या आहेत की शोभेच्या? काही गाड्यांच्या रेल फक्त दिसायला असतात, त्यांवर वजन टाकायचंच नसतं. हे पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. पट्ट्या आपल्याच गाडीच्या मापाच्या आहेत का? डिकीचं दार वर उघडताना बॉक्सला आपटतं का? बॉक्स डावीकडून उघडतो का? आपल्याकडे गाडी डाव्या कडेला उभी राहते, उजवीकडे वाहतूक असते. किल्ली फक्त झाकण पूर्ण बंद झाल्यावरच निघते का? टपाला भोकं पाडून किंवा वेल्डिंग करून काही बसवायला मी साफ नकार दिला. ते टपालाही वाईट, आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.

किंमत ऐकून ही म्हणाली, "अहो, एवढ्यात आपण सगळे एसटीनं कितीदा तरी जाऊन येऊ." तिचं खोटं नव्हतं. शेवटी एका सहकाऱ्याच्या घरी वापराविना पडलेला बॉक्स आठ दिवसांसाठी मागून आणला, पट्ट्या तेवढ्या आमच्या गाडीच्या मापाच्या घेतल्या. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूला हेच बरं.

मग घरात वजनकाटा आला. प्रत्येक पिशवी मोजली गेली. मुलींना मी सांगितलं की वर फक्त महमिल जाणार. चादरी, कपडे, टॉवेल, उशा वर. व्हीलचेअर, तांदूळ, लोणच्याची बरणी, पुस्तकं खाली, गाडीच्या तळाशी. वरच्या सामानातही जरा जड ते दोन पट्ट्यांच्या मधे, हलकं पुढच्या-मागच्या टोकाला, आणि मोकळी जागा राहिली तर उशीनं भरायची, म्हणजे आत काही सरकत नाही. टपावरचं वजन गाडीचा तोल वर नेतं. वळणावर गाडी जास्त झुकते, ब्रेक दाबला की थांबायला जास्त अंतर लागतं, वाऱ्याला छाती अडते म्हणून पेट्रोलही जास्त जातं. म्हणून वेगही आवरायचा. गाडीची उंची मी कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवली. आधी 1.7 मीटर होती, आता 2.2. तळघरातल्या पार्किंगच्या कमानीला ही अर्ध्या मीटरची वाढ लक्षात नसते.

पहिल्या मोजणीत वरचं सामान 41 किलो भरलं. 13 किलो कमी करायचे होते. मुलींचे जादा बूट गेले, माझी पाच पुस्तकं गेली, भाच्याची क्रिकेटची किट गेली. तरी काटा 30 वर अडला. अम्मी पलंगावरून हे सगळं बघत होती. तिनं स्वतःची रजई बाजूला काढली. म्हणाली, "त्यांच्या घरी रजया आहेत की."

सातारा सोडून पाटणच्या अलीकडे चहाला थांबलो. पुढे कुंभार्ली घाट. नव्यानं बांधलेल्या पट्ट्या पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर तपासाव्यात, असं वाचलं होतं. ते मी शंभरावर विसरून गेलो होतो. अम्मीनं काच खाली केली आणि म्हणाली, "बेटा, वरचं एकदा बघून घे."

मागची उजवी पट्टी अर्धा आटा सैल झाली होती. ती आवळली, चारही कोपरे हलवून पाहिले आणि घाटाला लागलो.